मागच्या घराचं धुराडं

९ मे

ही वही मी हौसेने लिहीत नाही. उद्या कज्जा उभा राहिला तर तारीखवार लिहिलेलं हाताशी असावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. माझ्या नणंदेने तिकडे बंदरावर एक खोली भाड्याने दिली होती. आज भाडेकरू तिथे यजमान आहे आणि नणंद त्याच्याकडे पाहुणी म्हणून चहाला जाते. ओसरी दिली की माणसं हातपाय पसरतात.

तर नोंद अशी. मी एर्मिंदा मान्सिया, बेलार्मिनोची विधवा. गल्लीत मला मानाने डोन्या म्हणतात. पुढच्या घरात मी राहते. मागचं घर बेलार्मिनोने स्वतःच्या हातांनी उभं केलं, लग्नानंतरची पहिली वर्षं आम्ही तिथेच काढली. ते मार्चपासून मारिसेल नाहुएल्किन या बाईला दिलं आहे. वय तिशीच्या पुढे, चिलोए बेटावरची, एकटी, इस्पितळाच्या धुलाईत काम. बोलते कमी. कमी बोलणाऱ्या माणसाचं पोट फार खोल असतं.

ही बाई सारखी ढलप्या मागायला येते. आमच्याकडे दक्षिणेला मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, शेगडी पेटवायला चार सुक्या ढलप्या लागतात हे मला मान्य, पण तिच्या दाराशी स्वतःचं लाकूड रचलेलं आहे आणि कुऱ्हाडही आहे. शिवाय येते कधी, तर ज्या दिवशी मला उठायला उशीर होतो नेमकी त्याच दिवशी. आजही तसंच झालं. मी अजून शेगडी पेटवलीही नव्हती आणि दारावर टकटक.

"डोन्या एर्मिंदा, चार ढलप्या देता का?"

"तुझ्या कुऱ्हाडीला काय झालं?"

"बोथट झालीये."

मी जुडी आणायला वळले तशी मान लांब करून आत बघत होती. माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे, मग ओट्यावरच्या गोळ्यांच्या बाटलीकडे. घरात काय काय आहे याचा अंदाज घेत असणार.

१४ मे

आज सरकारी पोरगी आली. फ्रान्सिस्का नाव, पायात नवे कोरे बूट. लाकडाच्या शेगड्या काढून विजेचं यंत्र बसवायची योजना आहे म्हणे, भाड्याच्या घरांसाठी. आधी ऊब टिकावी म्हणून भिंतींत लोकर भरायची, मग यंत्र. बाहेरच्या हवेतून ऊब ओढून आत सोडतं. मी म्हटलं, बाहेर नळाचं पाणी गोठलंय, त्या हवेत ऊब कुठली? ती हसली. म्हणाली, "असते बाई, थोडी असते, ती गोळा करायची." दगडातून पाणी काढणारी माणसं आहेत ही.

तिच्याकडे दोन सुयांचं एक यंत्र होतं. ते तिने माझ्या लाकडात खुपसलं. जसं काही लाकडाला ताप आला आहे.

"हे लाकूड ओलं आहे. म्हणून एवढा धूर होतो. तुमचा खोकला कधीपासून?"

"खोकला वयाचा आहे. धुराचा नाही."

"यंत्र फुकट मिळेल. जुनी शेगडी मात्र आम्हाला द्यावी लागेल. ती तुमच्यासमोर तोडतो, म्हणजे पुन्हा कुणाच्या घरात जायला नको."

फुकट ते पौष्टिक खरं, पण आमच्या घरी कुणी फुकट मीठही आणून दिलेलं नाही. मी विचारलं, माझा पत्ता तुला दिला कुणी? पोरगी सरळ आहे, लगेच बोलून गेली. मारिसेलने! एप्रिलपासून तीन-तीनदा त्यांच्या दारात जाऊन बसते आहे. माझ्या घराबद्दल माझ्या पाठीमागे.

१५ मे

एलेउतेरिओला सांगितलं. बेलार्मिनोचा जुना सोबती, कोपऱ्यावर राहतो, सगळ्या गल्लीला लाकूड तोच पुरवतो. त्याच्याशिवाय मला सल्ला विचारायला उरलंय कोण? माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसला होता. एक घोट मला दिला आणि डोळे बारीक करून म्हणाला,

"वहिनी, यातली मेख कळली का तुम्हाला? यंत्र बसलं की सरकारी दप्तरात नाव लागतं. ज्याचं नाव, त्याचं घर. आयत्या बिळावर नागोबा."

"पण पोरगी म्हणते, तुझं लाकूड ओलं आहे."

"ओलं म्हणजे काय? ओलं लाकूड सावकाश जळतं. रात्री झडप बंद केली की सकाळपर्यंत निखारा राहतो. सुकं लाकूड म्हणजे चैन. उगाच भसाभसा जळून जातं." मग हळूच म्हणाला, "माझा भाचा घर शोधतोय. कष्टाळू आहे. त्याला असली यंत्रं-बिंत्रं नकोत, शेगडीच हवी."

चांगला माणूस आहे. स्वतःचं काही मागत नाही.

२७ मे

आज गावावर धुराचं झाकण बसलं आहे. समोरचा डोंगर दिसत नाही. रेडिओवर सकाळीच शेगडीबंदी सांगितली, पण सगळ्यांची धुराडी चालू. माझंही. थंडी काय रेडिओचं ऐकते?

मागच्या घरातल्या शेगडीच्या दाराला तडा गेला आहे, खोलीत धूर सुटतो. ती दुरुस्ती माझ्या गळ्यात आहे हे मलाही ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, ऐकून तर घेऊ. फ्रान्सिस्का आली, मारिसेलही उभी होती. या हिवाळ्यात आमच्या वाट्याला एकच यंत्र, दुसरं पुढच्या वर्षी. कुठल्या घरात बसवायचं ते मालकिणीने ठरवायचं.

मी तोंड उघडायच्या आत मारिसेल बोलली. "पुढच्या घरात बसवा. डोन्या एर्मिंदा रात्रभर खोकतात. मला इथवर ऐकू येतं."

"तुझ्या शेगडीला तर तडा आहे," फ्रान्सिस्का म्हणाली.

"मी मातीने लिंपलाय. चालेल."

कोण सोडतं स्वतःची ऊब? मला मूलबाळ नाही, हे हिला माहीत आहे. मी किती खोकते, याचा हिशेब हिच्याकडे आहे. म्हणजे पुढचं घर आधी उबदार करून ठेवायचं आणि मी डोळे मिटले की बाईसाहेबांनी आपली पेटी उचलून पुढे यायचं! मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मी डोळे उघडे ठेवून बसले आहे.

मी म्हटलं, "मागच्याच घरात बसवायचं. ठरलं."

मारिसेलचं तोंड उतरलं. मला जे कळायचं ते कळलं. तिच्या देखत विचारलं, "यंत्र कुणाच्या नावावर?" फ्रान्सिस्का म्हणाली, "यंत्र घराचं, आणि घर तुमचं." ते शब्द मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतले.

११ जून

मागच्या घराचं काम झालं. कामगारांनी फळ्या उघडल्या तर आत सगळी वर्तमानपत्रं. वारा येऊ नये म्हणून बेलार्मिनोने भिंतीत कोंबलेली. तो एकेक पान घडी करून आत सारायचा आणि सारायच्या आधी मला वाचून दाखवायचा. जाहिरातीसुद्धा. कामगारांनी ती पानं काढून पोत्यात भरली आणि जागी पिवळी लोकर लावली. मी अंगणात उभी होते, थंडीने डोळ्यांत पाणी आलं. थंडीनेच नाही. वहीत खोटं कशाला लिहू.

मग शेगडी बाहेर काढली. लग्नातली. चार जणांनी उचलली, गाडीत घातली, मला आणि मारिसेलला सोबत नेलं आणि त्यांच्या आवारात माझ्यासमोर कापली. पहिली ठिणगी उडाली तेव्हा मारिसेलने माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. असल्या वेळी माणूस जवळ येतं ते काहीतरी बघूनच येतं.

धुराड्याच्या जागी छपराला आता पत्र्याचं ठिगळ आहे.

१३ जून

एक गोष्ट आधी लक्षात आली नाही. मागच्या घराला धूर नाही, त्यामुळे ती उठली की नाही हे कळायला मार्ग उरलेला नाही. आमच्याकडे सकाळी धुराडं बघायची रीतच आहे. धूर दिसला नाही तर माणूस एकतर गावाला गेलेलं असतं, नाहीतर वर. मार्चपासून मी रोज तिचं धुराडं बघत आले आहे, मालकिणीने लक्ष ठेवायलाच हवं. आता नुसतं ठिगळ दिसतं. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. घरात यंत्र आहे, बिघडलं तर? नुकसान माझंच.

२० जून

उठायला उशीर झाला, गुडघा धरला होता. पडदा सरकवला तर बाईसाहेब अंगणात उभ्या. कामावर जायचा कोट घातलेला, पिशवी खांद्याला, बर्फात पाय रोवून नजर माझ्या छपरावर. पत्रे मोजत असणार. मी दिसले तशी दचकली. दाराशी आली.

"डोन्या एर्मिंदा, चार ढलप्या मिळतील का?"

"तुला कामावर उशीर होत नाही का?"

"होतोय."

"मग पळ!" जुडी हातात दिली आणि दार लावलं. या बाईने माझ्या ढलप्यांचा पार फडशा पाडला आहे. फोडून फोडून माझे खांदे दुखतात.

४ जुलै

हे नीट लिहून ठेवते, कोर्टात हेच लागेल.

काल ताप चढला. सकाळी उठवेना, शेगडी विझलेली, अंगावर तीन रजया घेऊन पडून होते. दारावर टकटक झाली. ओ द्यायला घशातून आवाज निघेना. मग स्वयंपाकघराची खिडकी खडखडली, कडी तुटल्याचा आवाज आला आणि मारिसेल आत! दिवसाढवळ्या, खिडकीतून, चोरासारखी. ओट्यावर पाय देऊन उतरली, बुटाचा ठसा अजून तिथे आहे, मी पुसलेला नाही.

माझ्या कपाळाला हात लावला. "देवा रे," एवढंच म्हणाली. शेगडी पेटवली, इस्पितळातल्या डॉक्टरणीला आणलं, कोंबडीचा रस्सा केला, चमच्याने भरवला. तिची रजा गेली. हे सगळं मी नाकारत नाही. पण खिडकीतून! आणि घराचे कागद ज्या बिस्किटांच्या डब्यात आहेत, तो डबा त्याच ओट्यावर होता. ती निजायला गेल्यावर मी भिंत धरत उठले आणि डबा पिठाच्या पिंपात पुरला.

रस्सा चांगला होता. मीठ कमी.

६ जुलै

एलेउतेरिओ येऊन गेला. त्याला तुटलेली कडी दाखवली. त्याने मान हलवली. "आज खिडकी, उद्या दार. वहिनी, बेलार्मिनो असता तर हिला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढली असती. माझा भाचा जुलैअखेरीस येऊ शकतो."

संध्याकाळी मारिसेलला बोलावलं आणि जुलैअखेर घर रिकामं करायला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, भांडेल, सरकारी पोरीचं नाव घेईल. ती नुसती हातमोज्याचं बोट ओढत उभी राहिली. नवी कडी तिने स्वतःच आणून बसवली होती, तिकडे एकदा बघितलं.

"बरं," ती म्हणाली. "पण तोवर सकाळी ढलप्या लागल्या तर येऊ ना?"

घर चाललंय हातचं आणि हिला ढलप्यांची पडली आहे! मी म्हटलं, ये. दुसरं काय म्हणणार.

१० जुलै

आज लाकूड उतरवताना एलेउतेरिओने सहज विचारलं, "काल तुमच्या दारातून ती ढलप्या घेऊन जाताना दिसली. वहिनी, तिच्याकडे शेगडी कुठे आहे?"

माझ्या हातातला ओंडका पायावर पडायचा राहिला. खरंच की! शेगडी तर माझ्यासमोर कापली. मग महिनाभर ही बाई ढलप्या नेते कशाला? आणि मी मूर्खासारखी जुड्या बांधून देते आहे!

"दुसरी शेगडी आणून लपवली असेल," तो म्हणाला. "किंवा पत्र्याच्या डब्यात आग करत असेल. भिंतीत लोकर आहे, एक ठिणगी पुरे. घर जाईल तुमचं."

बेलार्मिनोचं घर. उद्या ती कामावर गेली की माझ्या किल्लीने उघडून बघणार. चोराला चोरीच्या मालासकट धरायचं, मग महिनाअखेरची वाटही बघायची नाही.

११ जुलै

दुपारी गेले. कुलूप उघडलं. मालकीण असून मीच चोरासारखी वाटत होते.

आत ऊब होती. अंगाला चिकटणारी, शेगडीसमोर पाठ गार आणि पोट भाजलेलं, तशी नाही. सगळीकडे सारखी. धुराचा वास नाही. मी श्वास घेतला आणि खोकला आला नाही, हेही लिहून ठेवते. पलंगाखाली बघितलं, पडद्यामागे, न्हाणीत. शेगडी नाही. डबा नाही, राख नाही, काजळीचा डाग नाही. कुऱ्हाड दारामागे होती. धारेवर बोट फिरवलं तर कापलंच.

आणि यंत्राखालच्या भिंतीशी माझ्या ढलप्या.

सगळ्या. मार्चपासूनच्या. मी ज्या लाल लोकरीने जुड्या बांधते त्याच लोकरीने बांधलेल्या, एकीचीही गाठ सुटलेली नाही. एकीवर एक नीट रचलेल्या. तळातल्यांवर धूळ बसलेली. एक ढलपीसुद्धा जाळलेली नाही.

मी तिच्या खुर्चीवर बसले. आधी वाटलं, विकायला जमवते. मग वाटलं, बेटावर असला काही तोडगा असेल. मग वही आठवली. गुडघा धरला त्या दिवशी ढलप्या. झोप लागली नाही त्या दिवशी ढलप्या. बेलार्मिनोच्या पुण्यतिथीला मी तशीच पडून राहिले, तेव्हा ढलप्या. वेळेवर शेगडी पेटवली त्या एकाही दिवशी ती आलेली नाही. खिडकी फोडली त्या दिवशी धूर नव्हता आणि दारही उघडलं नव्हतं.

किती वेळ बसले कोण जाणे. दार वाजलं, ती आली. मला तिच्या खुर्चीवर बघून उंबऱ्यातच थांबली.

मी दरडावूनच विचारलं, मला दुसऱ्या आवाजात येतच नाही. "या जाळल्या का नाहीस?"

"लागल्या नाहीत."

"मग मागितल्यास कशाला?"

ती बुटावरचा बर्फ झटकत राहिली. "तुमचा धूर दिसला नाही की कामावर जाववत नाही. आणि आल्यावर काहीतरी विचारायला लागतं ना. नुसतं 'आहात का' असं कसं विचारू? तुम्ही हाकलून दिलं असतं."

दिलं असतं. यात शंका नाही.

"माझी आत्या बेटावर एकटी राहायची," ती म्हणाली. "धूर बंद झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, मुलीकडे गेली असेल. कुणी जाऊन बघितलंच नाही."

"म्हणून यंत्र माझ्या घरात बसवायला निघाली होतीस?"

"तुमचा खोकला ऐकवत नाही. पण नंतर वाटलं, मागे बसलं तेच बरं झालं. तुमच्याकडे बसलं असतं तर मला सकाळी काय दिसलं असतं?"

मला लाज वाटली. एवढी की खुर्चीवरून उठवेना. तिने पाणी तापवलं, माते केला, पहिला घोट मला दिला. मी म्हटलं, "जुलैअखेरचं मी बोलले ते विसर." ती म्हणाली, "बरं." कमी बोलते.

निघताना दारात मीच थांबले. "मलाही तुझं ठिगळ बघून काही कळत नाही. दोनदा येऊन परत गेले."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बर्फात पावलं होती."

१२ जुलै

एलेउतेरिओला निरोप पाठवला, भाच्याला दुसरीकडे घर बघ म्हणावं आणि मला यापुढे सुकं लाकूड देणार असशील तर दे. कागदांचा डबा पिंपातून काढला, सगळ्या कागदांना पीठ लागलं आहे. फ्रान्सिस्काला पुढच्या वर्षासाठी पुढच्या घराचं नाव घालायला सांगणार आहे. मग माझंही धुराडं जाईल. तेव्हाचं तेव्हा बघू.

सकाळी लवकर जाग आली. शेगडी पेटवली नाही. शाल गुंडाळली, अंगण ओलांडलं आणि मागच्या घराचं दार वाजवलं. मारिसेलने केस विंचरता विंचरता दार उघडलं. मी मान लांब करून आत बघितलं. उठलेली होती, बरी होती, पाव भाजत होती.

"काय झालं, डोन्या एर्मिंदा?"

"चार ढलप्या आहेत का गं?"

तिने कंगवा तसाच केसांत ठेवला, आत गेली आणि माझ्याच लाल लोकरीची जुडी आणून माझ्या हातात ठेवली. त्या उबेत राहून ढलप्या खडखडीत सुकल्या होत्या. शेगडी एका काडीत पेटली. खिडकीतून बघितलं तर ती पिशवी खांद्याला लावून अंगणात उभी होती. धूर वर गेला तेव्हा ती फाटकाकडे वळली.